आभासी सागरी शर्यती: राउटरची रेघ किती मानायची?

शीडकरी

ऑनलाइन समुद्री शर्यती खेळणारे इथं बऱ्यापैकी आहेत असं दुसऱ्या धाग्यांवरच्या प्रतिसादांवरून दिसलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. व्हर्च्युअल रेगाटा किंवा सेलऑनलाइनसारख्या ठिकाणी बोट आभासी असते पण वारा खरा असतो. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचं जीएफएस नावाचं हवामान मॉडेल दिवसातून चार वेळा, ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीचा (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा) डेटा धरून अख्ख्या पृथ्वीचा अंदाज काढतं, ते आकडे काही तासांनी बाहेर पडतात आणि तोच वारा गेममध्ये शिरतो. प्रत्येक बोटीचा एक पोलर असतो, म्हणजे इतका वारा, त्याच्याशी इतका कोन, अमुक शीड, तर वेग किती याचा तक्ता. आपण फक्त दिशा ठरवायची आणि शीड बदलायचं. शर्यत चोवीस तास चालू, आपण झोपलो तरी बोट चालतच राहते. अटलांटिक ओलांडायचा तर आठवडा-दोन आठवडे आणि पृथ्वीप्रदक्षिणा असेल तर दोन-अडीच महिने.

याचं वेड किती असावं तर व्हाँदे ग्लोब ही जी खरी शर्यत आहे, दर चार वर्षांनी फ्रान्सच्या ले साब्ल दोलॉनहून निघणारी, एकट्यानं, कुठंही न थांबता आणि कुणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा, तिच्या २०२०-२१ च्या आभासी शर्यतीत दहा लाखांहून जास्त लोक उतरले होते. खऱ्या शर्यतीत तेव्हा ३३ बोटी होत्या.

आता मुद्दा. नवीन माणूस आला की त्याला हल्ली पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे राउटर लाव, म्हणजे वाऱ्याचा अंदाज आणि पोलर घेऊन मार्ग काढून देणारा प्रोग्रॅम. क्यूटीव्हीएलएम घे किंवा झेझो उघड, सुरुवात आणि शेवट टाक, रेघ मिळेल, त्या रेघेचे वेपॉइंट, म्हणजे वाटेतले ठरवलेले बिंदू, बोटीला दे आणि झोप. मग तोच माणूस चार दिवसांनी विचारतो की रेघ तर तंतोतंत पाळली मग एवढा मागे कसा पडलो. माझं म्हणणं असं की राउटरनं दिलेलं उत्तर बरोबरच असतं, पण ते त्या एका अंदाजापुरतं बरोबर असतं आणि तो अंदाज सहा तासांनी बदलणार असतो. ही शर्यत खरी तिथं आहे, अंदाज कुठं बदलेल आणि बदलला तर मी कुठं असलेलो बरा याचा विचार करण्यात.

उदाहरण देतो. बिस्केच्या उपसागरातून बाहेर पडून दक्षिणेला निघालं की अझोर्सचा जास्त दाबाचा पट्टा वाटेत येतो. उत्तर गोलार्धात जास्त दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, म्हणून त्याच्या पूर्वेच्या अंगाला, पोर्तुगालच्या बाजूला, उत्तरेचा वारा मिळतो आणि दक्षिणेला जायला तो सोन्यासारखा. केंद्राच्या जवळून गेलं तर अंतर कमी पडतं पण वारा कमी होत जातो. राउटर काय करतो, तर बरोब्बर वारा मरतो त्या हद्दीवरून रेघ काढतो, कारण आजच्या अंदाजात तिथं नऊ नॉट, म्हणजे ताशी नऊ समुद्री मैल, वारा दिसतोय. पुढच्या अपडेटला केंद्र पूर्वेला साठ मैल सरकलं की त्याच जागी तीन नॉट उरतात आणि तुम्ही तिथं अडकून बसता, पूर्वेनं गेलेले मात्र एक-दोन तास जास्त मोजून निघून जातात. राउटरला या धोक्याची किंमत कळत नाही, त्याच्या हिशोबात अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तुम्ही लोक हे कसं ठरवता ते वाचायला आवडेल. किती सुरक्षित अंतर ठेवता, कधी रेघ मोडता, सविस्तर लिहा.

कप्पी

छान धागा, वाचतेय. मी नवीनच आहे, नुकतीच एक छोटी शर्यत संपवली. एक बेसिक प्रश्न विचारते, राउटर नक्की करतो काय? म्हणजे तो सगळे मार्ग तपासून बघतो का, समुद्रात तर अगणित मार्ग असतील ना. आणि शीडकरी, तुम्ही म्हणताय तो साठ मैल सरकण्याचा प्रकार नेहमीच होतो की कधीतरीच?

तांडेल

कप्पीताई, सगळे मार्ग तपासत नाही, त्याची एक युक्ती आहे. तुम्ही आत्ता जिथं आहात तिथून प्रत्येक दिशेला एक तास बोट चालवली तर कुठं पोचेल ते तो काढतो, पोलर आणि वारा दोन्ही त्याच्याकडं असतातच. ती सगळी टोकं जोडली की एक वेडीवाकडी रेषा मिळते, तिला आयसोक्रोन म्हणतात, एका तासात गाठता येईल अशी हद्द. मग त्या हद्दीवरच्या प्रत्येक बिंदूपासून पुन्हा एक तास सगळ्या दिशांना, त्यातले मागे पडलेले बिंदू टाकून द्यायचे, सगळ्यात बाहेरचे ठेवायचे, पुन्हा रेषा. पाण्यात दगड टाकल्यावर तरंग पसरतात तसं ते पसरत जातं, फक्त गोल नसतं, वारा चांगला तिकडं फुगतं आणि वारा नाही तिकडं आत दबतं. ज्या क्षणी एखादी हद्द तुमच्या मुक्कामाला टेकली की तिथून मागे मागे येत मार्ग काढायचा. ही पद्धत आर. डब्ल्यू. जेम्स यांनी १९५७ साली जहाजांसाठी मांडली तेव्हा ती कागदावर हातानं काढायची होती, लाटांचे नकाशे समोर ठेवून. आता तेच काम फोन काही सेकंदांत करतो.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या जी कुणी सांगत नाही. फक्त शेवटची रेघ बघू नका, आयसोक्रोन्स चालू करून त्या बघा. जिथं त्या एकमेकींपासून लांब लांब आहेत तिथं बोट पळतेय, जिथं चिकटून आल्यात तिथं वारा मेलाय. आणि तुमची रेघ अशा चिकटलेल्या भागाच्या अगदी काठावरून जात असेल तर शीडकरी म्हणतात तो धोका तिथं आहे.

सरकण्याबद्दल, पहिले दोन दिवस अंदाज बऱ्यापैकी टिकतो, पाचव्या दिवसापासून मी आकड्यांवर विश्वास ठेवत नाही, फक्त साधारण चित्रावर ठेवतो. दहाव्या दिवसाचा अंदाज बघून आज दिशा बदलणं मला पटत नाही.

आग्नेय

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. मी खऱ्या बोटीवर शीड ओढणारा माणूस आहे, लहान डिंगी चालवतो. गेममध्ये लाटा नाहीत, काही मोडत नाही, थंडी वाजत नाही, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यावर बोट आपटत नाही. व्हाँदे ग्लोबमध्ये २०२० च्या ३० नोव्हेंबरला केविन एस्कोफिएची बोट दक्षिणेच्या समुद्रात लाटेत दुमडून मोडली, काही मिनिटांत तो लाइफराफ्टमध्ये होता, आणि शर्यतीतलाच दुसरा खलाशी जाँ ल काम, वय वर्षं एकसष्ट, रात्री शोधत शोधत जाऊन त्याला घेऊन आला. शोधात यानिक बेस्ताव्हेनही होता, त्याला त्याबद्दल १० तास १५ मिनिटांची सवलत मिळाली आणि त्या सवलतीमुळे तिसरा पोचूनही शर्यत तो जिंकला. आभासी शर्यतीत यातलं काही घडूच शकत नाही. मग तिला सेलिंग म्हणायचं का असा माझा साधा प्रश्न आहे.

शीडकरी

आग्नेय, राग कसला, मुद्दा रास्त आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. एस्कोफिएच्या बाबतीत जे झालं ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. गेम खेळून कुणी खलाशी होत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की सेलिंगचा एक भाग, तो म्हणजे मार्ग ठरवणं, तो इथं जवळजवळ जसाच्या तसा आहे. व्हाँदे ग्लोबच्या नियमाप्रमाणे खऱ्या खलाशाला किनाऱ्यावरून मार्गाचा सल्ला घेता येत नाही, तो स्वतःच बोटीवर बसून हवामानाच्या फाइली उतरवतो, स्वतःच राउटर चालवतो आणि स्वतःच ठरवतो की ही रेघ मानायची की नाही. झोप न झालेल्या डोक्यानं. ते काम काय असतं हे मला आभासी शर्यतीमुळे कळलं.

आणि फरक कुठं पडतो ते बघायचं तर २०२४-२५ ची शर्यत घ्या. हिंदी महासागरात एक मोठं वादळ पुढच्या ताफ्याच्या पाठीवर आलं. शार्ली दालँ आणि सेबास्टियन सिमोन दक्षिणेला राहून त्याच्या पुढून पळाले, त्यांच्या बरोबरीच्या बाकीच्यांनी बोट सांभाळायला उत्तरेचा लांबचा रस्ता धरला. दालँ शेवटी ६४ दिवस १९ तासांत पोचून जिंकला. आता आभासी ताफ्यात अशा वेळी निर्णयच घ्यावा लागत नाही, सगळे वादळातच घुसतात कारण मोडायचं भय नाही. म्हणून दक्षिणेच्या समुद्रातले खऱ्या बोटींचे निर्णय मी गेमशी ताडून बघत नाही, पण अटलांटिकमधले जरूर बघतो, तिथं प्रश्न मुख्यतः वाऱ्याचाच असतो.

दीपस्तंभ

आग्नेय यांच्या प्रश्नाला थोडी इतिहासाची जोड देतो. वारा बघून लांबचा रस्ता धरणं हे शीडाच्या जहाजांचं फार जुनं शहाणपण. वास्को द गामा १४९७ साली निघाला तेव्हा त्यानं आफ्रिकेच्या किनाऱ्यानं खाली न जाता अटलांटिकमध्ये पश्चिमेकडं भला मोठा वळसा घेतला, तीन महिने जमीन दिसली नाही. १५०० साली काब्राल त्याच वळशात इतका पश्चिमेला गेला की ब्राझीलला लागला. आज आभासी बोट दक्षिण अटलांटिकमध्ये उतरली की राउटर नेमका हाच वळसा काढतो, कारण सेंट हेलेना बेटाच्या नावानं ओळखला जाणारा जास्त दाबाचा पट्टा तिथंच बसलेला आहे. दक्षिण गोलार्धात जास्त दाबाभोवती वारा उलटा फिरतो, म्हणून त्याच्या पश्चिमेच्या अंगानं, ब्राझीलकडून, खाली उतरायचं आणि दक्षिणेच्या टोकाला पश्चिमी वारे पकडून पूर्वेला वळायचं. नकाशावर सरळ केप ऑफ गुड होपकडं जाणारी रेघ बघून मोह होतो, पण ती वाट बिनवाऱ्याची.

दुसरं नाव मॅथ्यू फाँटेन मॉरी. अमेरिकी नौदलातला हा माणूस पायाच्या दुखापतीमुळे समुद्रावर जाऊ शकत नव्हता, त्याच्याकडं नौदलाच्या जुन्या लॉगबुकांचा ढीग होता. त्यातून जागोजागी कुठल्या महिन्यात कुठला वारा मिळाला याच्या नोंदी काढून १८४७ पासून त्यानं वाऱ्या-प्रवाहांचे नकाशे छापले. जे कप्तान आपल्या नोंदी पाठवतील त्यांना नकाशे फुकट. १८५१ साली फ्लाइंग क्लाउड हे क्लिपर, म्हणजे वेगवान शीडाचं जहाज, न्यूयॉर्कहून केप हॉर्नला वळसा घालून ८९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं, तेव्हा त्यावर दिशा ठरवायचं काम कप्तानाची बायको एलिनॉर क्रीसी करत होती आणि ती मॉरीचे नकाशे वापरत होती. शीड ओढणारे हात वेगळे, मार्ग ठरवणारी वेगळी. तिला आपण खलाशी म्हणतोच की.

कप्पी

एलिनॉर क्रीसीबद्दल माहीतच नव्हतं, वाचनखूण साठवली. दीपस्तंभदादा, यावर वेगळा धागा काढाच.

अजून एक विचारायचंय. बोटीला दिशा देताना दोन पर्याय येतात, होकायंत्राची दिशा पक्की करायची किंवा वाऱ्याशी कोन पक्का करायचा, टीडब्ल्यूए म्हणतात तो. मी आत्तापर्यंत फक्त पहिलाच वापरला. कुठला कधी?

गलबत

हा माझा आवडता विषय त्यामुळे लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

दिशा पक्की केली की वारा फिरला तरी बोट नाक त्याच बाजूला ठेवते, वाऱ्याशी कोन बदलत जातो आणि त्याबरोबर वेग बदलतो. टीडब्ल्यूए पक्का केला की वेगाचा कोन टिकतो पण वारा फिरेल तशी बोट फिरते. बेटांच्या, किनाऱ्याच्या जवळ मी नेहमी दिशा पक्की करते, कारण रात्रीत वारा वीस अंश फिरला तरी बोट कुठं असेल हे मला माहीत असतं. मोकळ्या समुद्रात, विशेषतः वाऱ्याच्या विरुद्ध किंवा वारा पाठीमागून असताना, टीडब्ल्यूए. कारण सरळ वाऱ्यात तोंड घालून कुठलीही शीडाची बोट जात नाही आणि वारा अगदी पाठीवर घेतला तरी ती मंद पडते, पोलरमध्ये दोन्हीकडं एक ठरावीक कोन असतो जिथं मुक्कामाच्या दिशेची प्रगती सगळ्यात जास्त होते. तो कोन एकदा बघून ठेवायचा आणि तो धरून चालायचं.

आता दक्षिणेच्या समुद्रातलं एक चित्र बघा, चाळीस-पन्नास अक्षांशांच्या मधलं. तुम्ही पूर्वेला चाललाय, होकायंत्र ९० दाखवतंय. मागून कमी दाबाचं केंद्र येतंय आणि त्याच्या पुढच्या अंगाला वायव्येचा वारा आहे, ३१५ अंशांवरून, म्हणजे टीडब्ल्यूए १३५, वारा डाव्या अंगानं. वेग भन्नाट. या वाऱ्यात जितका वेळ राहता येईल तितकं राहायचं. मग फ्रंट, म्हणजे गरम आणि थंड हवेमधली सीमा, तुम्हाला ओलांडून पुढं जातो आणि वारा फिरायला लागतो, ३१५ वरून २७०, तिथून २२५, म्हणजे वायव्येचा नैऋत्य होतो. तुम्ही टीडब्ल्यूए १३५ धरून झोपला असाल तर वारा २७० ला आल्यावर बोटीचं नाक ४५ वर जातं, ईशान्येला, आणि २२५ ला आल्यावर थेट उत्तरेला. शर्यत पूर्वेला आणि तुम्ही उत्तरेला. म्हणून वारा साधारण पश्चिमेचा होईल त्या सुमाराला जाइब करून, म्हणजे बोटीची पाठ वाऱ्यातून फिरवून शीड दुसऱ्या बाजूला नेऊन, वारा उजव्या अंगावर घ्यायचा, मग २२५ च्या वाऱ्यात पुन्हा ९० ची दिशा आणि पुन्हा १३५ चा कोन मिळतो, सगळं आरशात बघितल्यासारखं.

हे जाइब कधी करायचं यावरच दक्षिणेच्या समुद्रात शेकड्यांनी जागा वरखाली होतात. लवकर केलं तर काही तास वाकड्या दिशेनं जाता, उशिरा केलं तर उत्तरेला जास्त दाबाच्या कुशीत शिरता. आणि फ्रंट नेमका किती वाजता येणार हेच तर दर अपडेटला बदलत असतं. मी जाइबची वेळ आधी प्रोग्रॅम करून ठेवते पण अपडेट आला की पहिलं तेच उघडून पुढंमागं करते.

शीडकरी

गलबत, प्रतिसाद अप्रतिम. धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर यातच आहे, राउटर जाइबची वेळ मिनिटासकट देतो आणि नवीन माणूस ती मिनिटासकट पाळतो.

तांडेल

+१. दक्षिणेच्या समुद्राचा विषय निघालाच आहे तर एक हिशोब देतो, नवीन लोकांना उपयोगी पडेल. विषुववृत्तावर एक रेखांश म्हणजे ६० समुद्री मैल. ४० दक्षिणेला तोच एक रेखांश ४६ मैलांचा होतो आणि ५५ दक्षिणेला ३४ मैलांच्या आसपास. म्हणून सगळे खाली खाली दबतात, जितकं दक्षिणेला तितकी प्रदक्षिणा लहान. खऱ्या शर्यतीत हिमनगांमुळे एक बंदी असलेली हद्द आखून दिलेली असते, अंटार्क्टिकाभोवतीची, आणि आभासी शर्यतीतही ती असते. मग गर्दी त्या रेषेवर होते. राउटर रेघ अगदी हद्दीला घासून काढतो.

इथं माझा नियम असा की हद्दीपासून काही मैल मोकळे ठेवायचे. बोट हद्दीला चिकटून असली आणि वारा नैऋत्येला फिरला तर ठीक, उत्तरेकडं सुटायला जागा आहे. पण वाऱ्याच्या कोनासाठी दक्षिणेला उतरायची गरज पडली तर खाली जागाच नाही, मग नको तेव्हा जाइब मारावा लागतो. दर जाइबला, दर शीडबदलाला काही मिनिटं बोट मंदावते, आता तर थकव्याचा बारही आलाय, लागोपाठ हालचाली केल्या की प्रत्येक हालचाल आधीपेक्षा महाग पडते.

किनाऱ्याबाबतही हेच. राउटरमधला किनाऱ्याचा नकाशा आणि गेममधला नकाशा एकच असेल असं धरून चालू नका. भूशिराला वळसा असेल तर गेममध्ये पूर्ण झूम करून वेपॉइंट स्वतः थोडा बाहेर सरकवायचा. रात्री वळसा येणार असेल तर अजून थोडा.

कप्पी

सगळ्यांना धन्यवाद, एवढं कुठं एकत्र वाचायला मिळालं नव्हतं. दोन व्यवहाराचे प्रश्न. एक, झोपेचं काय करता? दोन, पैसे देऊन फॉइल्स (बोटीला पाण्यावर उचलणारे पंख) आणि जास्तीची शिडं घेणारे लोक पुढंच असणार ना? मग फुकट खेळणाऱ्यानं यादीत किती वर यायची आशा ठेवायची?

लाटांवर

दुसऱ्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत आहे. व्हर्च्युअल रेगाटात साध्या बोटीला जिब आणि स्पिनेकर एवढी दोनच शिडं मिळतात. कोड झीरो, जेनेकर, हलक्या आणि जड वाऱ्याची वेगळी शिडं, फॉइल्स, पॉलिश केलेला तळ, हे सगळं असलेली बोट पृथ्वीप्रदक्षिणेत साध्या बोटीला कितीतरी मागे टाकते, त्यात चर्चेला जागाच नाही. मला हे आवडत नाही आणि आवडत नाही हे मी प्रत्येक ठिकाणी लिहितो. ज्याला पैसे द्यायचे त्यानं द्यावेत, पण यादी वेगळी लावावी. कंपनीचा खर्च चालायला हवा हे कळतं, तरी पण बोट चालवणाऱ्याचं कसब आणि बोटीचं सामान हे एकाच यादीत मोजलं की कसब दिसत नाही.

म्हणून मी नवीन लोकांना सेलऑनलाइन सुचवतो. मोफत आहे, स्वयंसेवक चालवतात, एका शर्यतीत सगळ्यांना एकच बोट आणि एकच पोलर, शीड आपोआप बदलतं, त्यामुळे जो फरक पडतो तो फक्त मार्गाचा. दिसायला साधं आहे. तिथं वाऱ्याकडं बघण्याची जी सवय लागते ती पुढं सगळीकडं कामाला येते.

गलबत

लाटांवर, सेलऑनलाइनबद्दल पूर्ण सहमत. मात्र कप्पी, फुकट बोट असली तरी आशा सोडू नकोस, तुझ्यासारखीच साधी बोट घेतलेले हजारो लोक असतात, त्यांच्यात तुझा नंबर कितवा ते बघ. मी तेच बघत वर आले.

झोपेबद्दल, मी अपडेटच्या वेळा धरून दिवस आखते. चारातले दोन अपडेट नीट बघायचे, राउटर पुन्हा चालवायचा, वेपॉइंट बदलायचे. तिसरा जमला तर. झोपेत येणाऱ्या अपडेटसाठी असा मार्ग आधीच निवडायचा जो अंदाज थोडा बदलला तरी फार बिघडणार नाही. अलार्म लावून मध्यरात्री उठणारे लोक आहेत, शर्यत महिनाभर चालणार असेल तर मी ते करत नाही आणि कुणाला सांगणारही नाही. फक्त भूशिर किंवा बेट असेल त्या रात्री उठते.

आग्नेय

वाचतोय सगळं. दीपस्तंभ यांचा एलिनॉर क्रीसीचा मुद्दा पटला, माझा प्रश्न मागे घेतो असं नाही पण तो थोडा बदलतो. तुम्ही म्हणता तसं मार्ग ठरवणं हे वेगळं कौशल्य असेल तर ते शिकायला मलाही आवडेल, डिंगीवर ते शिकायला मिळतच नाही, तिथं सगळी शर्यत डोळ्यांसमोरच्या पाण्यात असते. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्याचं काय करता ते सांगा. खऱ्या बोटींचं मी वाचलंय की तिथं ढगाखाली अचानक तीस नॉटचा झोत येतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा शून्य.

शीडकरी

आग्नेय, तिथंच खरा आणि आभासी समुद्र सगळ्यात जास्त वेगळे पडतात. ईशान्य आणि आग्नेय व्यापारी वारे जिथं भेटतात तिथं हवा वर चढते, ढग उभे राहतात आणि तुम्ही म्हणता ते झोत तिथलेच. पण एकेक ढग मॉडेलच्या चौकोनात मावत नाही, त्याला फक्त सरासरी दिसते, म्हणून गेममध्ये झोत नसतात, फक्त कमी वाऱ्याचा पट्टा असतो आणि तो दर अपडेटला आकार बदलतो. आफ्रिकेच्या बाजूला हा पट्टा रुंद असतो आणि पश्चिमेला निमुळता होत जातो, म्हणून खऱ्या बोटीसुद्धा साधारण २७ ते ३० पश्चिम रेखांशाच्या दरम्यान तो ओलांडायला बघतात. फार पश्चिमेला गेलात तर पुढं आग्नेय वाऱ्यात ब्राझीलचं टोक चुकवायला बोट वाऱ्याला फार जवळ धरावी लागते आणि वेग जातो. हे दोन्ही तोलून कुठून शिरायचं ते चार-पाच दिवस आधी ठरवावं लागतं, केप वर्दे बेटांच्या आधीच. एकदा आत शिरलं की मी पूर्वपश्चिम काही शोधत बसत नाही, जमेल तितकं दक्षिणेला नाक ठेवतो आणि बाहेर पडतो.

तांडेल

शीडकरींच्या मूळ प्रश्नावर माझी पद्धत सांगायची राहिली. मी राउटर एकदा चालवत नाही. एकदा सरळ चालवतो. मग पोलर थोडा कमी करून, समजा नव्वद पंच्याण्णव टक्क्यांवर, पुन्हा चालवतो, म्हणजे बोट थोडी उशिरा पोचली तर काय होतं ते कळतं. मग सुटायची वेळ दोन-तीन तास पुढं ढकलून, आणि शक्य असेल तर मागच्या अपडेटच्या जुन्या ग्रिब फाइलवर, म्हणजे वाऱ्याच्या अंदाजाच्या फाइलवर. सगळ्या रेघा नकाशावर एकत्र ठेवतो. बहुतेक रेघा एका बाजूनं गेल्या तर बिनधास्त त्या बाजूला जातो. अर्ध्या उत्तरेनं आणि अर्ध्या दक्षिणेनं गेल्या, आणि पोचायच्या वेळेत तासा-दोन तासांचाच फरक असला, तर वेळ विसरतो आणि कुठल्या बाजूनं नंतर मार्ग बदलता येईल ते बघतो. जिथून परतीचा रस्ता बंद होतो त्या बाजूला मी एका तासाच्या फायद्यासाठी जात नाही.

आणि आजूबाजूच्या ताफ्याकडं बघायचं. सगळे एका बाजूला असताना एकट्यानं दुसरीकडं जाणं यात मोठा फायदा असू शकतो, पण पुढं असाल तर कशाला जाताय, ताफ्याच्या आणि मुक्कामाच्या मधे राहा.

कप्पी

तांडेलदादा, पोलर कमी करून चालवायचं हे क्यूटीव्हीएलएममध्ये कुठं असतं? मला सापडलं नाही.

तांडेल

राउटिंग तयार करताना जी खिडकी उघडते तिच्यातच पोलरची टक्केवारी बदलायची सोय आहे, नीट शोधा. बदलल्यावर नवीन राउटिंगला वेगळं नाव आणि वेगळा रंग द्या, नाहीतर चार रेघांमधली कुठली कशाची ते कळत नाही. आणि त्याआधी ग्रिब ताजी आहे ना ते तपासा, फाइल मॉडेलच्या कुठल्या वेळच्या अंदाजाची आहे ते तारखेसकट दिसतं. नाही सापडलं तर इथंच लिहा, संध्याकाळी बघून पायऱ्या टाकतो.